आवाज नेमका फाटतो कुठे?

संगणकावर गाणं लावायचं, यूएसबीच्या वायरीने ते बाहेरच्या डॅकला द्यायचं, डॅकमधून अ‍ॅम्प्लिफायरला आणि तिथून स्पीकरला. निगडी, मोशी, चिखलीच्या फ्लॅटमधून ही मांडणी आता नवलाची राहिलेली नाही. लॅपटॉपच्या पोटातल्या साउंड चिपपेक्षा बाहेरचा डॅक बरा वाजतो आणि तो पूर्वीसारखा महागही नाही. तक्रार सुरू होते ती पुढे. आलाप स्वच्छ येतो, तान वर गेली की आवाज फाटतो. किंवा गाणं चालू असताना मध्येच ‘चट्’ होतं. किंवा गाणं बंद असतानाच स्पीकर घुमत बसतो. कुणाला विचारायला जावं तर दोन सल्ले ठरलेले: डॅक बदला, नाहीतर वायर भारीतली घ्या. दोन्हींत फायदा दुकानदाराचा. या सगळ्या साखळीत कमीत कमी बिघडणारी वस्तू माझ्या मते डॅकच आहे, आणि पहिला आळ मात्र त्याच्यावरच येतो.

गंमत अशी की पिंपरी-चिंचवडच्या या पट्ट्यातल्या माणसांना दोष कसा शोधावा हे शिकवायची गरज पडू नये. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स पिंपरीत आली, साठच्या दशकात एमआयडीसी, टेल्को, बजाज आले, पुढे चाकणला फोक्सवॅगन, महिंद्र, मर्सिडीज. इथल्या कुठल्याही मेंटेनन्स खात्यात मशीन बंद पडलं की जुना फिटर आधी विचारतो, ‘शेवटचं नीट कधी चाललं आणि त्यानंतर कुणी काय हलवलं?’ मग संशयित कार्ड काढून शेजारच्या चालू मशीनला लावतो. दोष कार्डाबरोबर गेला तर कार्ड खराब. जागेवरच राहिला तर कार्ड निर्दोष. त्यानंतर ‘असं का झालं’ हे पुन्हा पुन्हा विचारणारा ‘व्हाय-व्हाय’चा कागद भरला जातो आणि स्टोअरमधून नवीन भाग निघतो तो त्यावर सही झाल्यावर. तोच माणूस घरी आवाज फाटला की सोफ्यावर बसल्या बसल्या नवा डॅक मागवतो. कारखान्यातली शिस्त घरच्या टेबलावर आणली तर बहुतेक वेळा एक रुपयाही खर्च न होता दोष सापडतो.

आधी डॅक करतो काय ते थोडक्यात. आकड्यांपासून विजेची लहर तयार करणं, एवढंच त्याचं काम. सीडीच्या दर्जाच्या गाण्यात दर सेकंदाला प्रत्येक कानासाठी ४४,१०० आकडे असतात आणि प्रत्येक आकडा उणे ३२,७६८ ते अधिक ३२,७६७ या हद्दीतला असतो. ४४,१०० हा आडनिडा आकडा व्हिडिओ टेपने दिला. सत्तरच्या दशकात एवढे आकडे साठवायला व्हिडिओ रेकॉर्डर हेच सोयीचं साधन होतं. चित्राच्या एका ओळीत असे तीन आकडे, म्हणजे नमुने, बसवत. सेकंदाला ६० फील्डच्या पद्धतीत कामाच्या ओळी २४५, तर ५० फील्डच्या पद्धतीत २९४. गुणाकार करून बघा, दोन्हीकडे ४४,१०० च येतात. सोनीचा पहिला सीडी प्लेअर जपानमध्ये १ ऑक्टोबर १९८२ ला विक्रीला आला. त्याच महिन्याच्या ११ तारखेला पिंपरी-चिंचवड महानगरपालिका स्थापन झाली. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण तारीख लक्षात ठेवायला बरी. व्हिडिओ आणि चित्रपटवाल्यांनी पुढे ४८,००० धरले. या दोन आकड्यांतला बेबनाव आजही आपल्या टेबलावर येऊन पोचतो, तो पुढे बघू.

तपासाची सुरुवात कानांनी करायची. ‘आवाज खराब येतो’ ही तक्रार मेकॅनिकच्या काही कामाची नाही. फक्त मोठ्या सुरांवर, तानेच्या टोकाला किंवा तबल्याच्या थापेवर आवाज चिरफाळत असेल तर कुठेतरी हद्द ओलांडली जाते आहे. आवाज लहान असो की मोठा, अधूनमधून ‘चट्’, ‘टक्’ किंवा क्षणभराची पोकळी येत असेल तर आकडे वेळेवर पोचत नाहीत. गाणं थांबवलं तरी घुमणं चालूच असेल तर संगणकाच्या आकड्यांशी त्याचा संबंध नाही, तो विजेचा आणि अर्थिंगचा मामला. गाण्याऐवजी नुसता फसफसाट येत असेल तर डॅकला एका भाषेतले आकडे दुसऱ्याच भाषेतले समजले आहेत. आणि गाणं स्वच्छ असून सूरच चढा लागत असेल तर घड्याळ चुकलं आहे. निम्मं निदान इथेच होतं.

मात्र कानाला फसवणारी गाणी चाचणीला घेऊ नयेत. तानपुऱ्याच्या जवारीत मुद्दाम पेरलेली झणझण असते. घोडीवरच्या दोऱ्याने तार हलकेच घासत राहते आणि एका सुरातून स्वरांचा पिसारा उभा राहतो. हद्द ओलांडलेली लहरही मूळ सुराला असेच जास्तीचे स्वर चिकटवते, त्यामुळे तानपुऱ्यावर बारीक फाट झाकली जाते. ढोल-ताशा आणि इलेक्ट्रिक गिटारचं तेच. बासरी, संतूर किंवा साथीला फारसं काही नसलेला स्त्रीचा आवाज घ्या, खोट लगेच उघडी पडते. आणि ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरून उतरवलेलं बालगंधर्वांचं पद लावून डॅकला दोष देऊ नये. ती खरखर सुईने झिजलेल्या खाचेची आहे, डॅक ती इमानाने पोचवतो आहे. तीच फाइल मोबाइलवर इअरफोन लावून ऐका. तिथेही फाटत असेल तर तपास संपला, फाइलच तशी आहे.

फाइल, प्लेअर, विंडोज, यूएसबी, डॅक, डॅकपासून अ‍ॅम्पपर्यंतची आरसीए वायर, अ‍ॅम्प आणि स्पीकर, अशा आठ कड्या झाल्या. एका टोकाकडून एकेक तपासत जाणं हा वेळखाऊ धंदा. साखळी मध्यावर तोडायची. डॅकला हेडफोनचं भोक असेल तर तिथे ऐका. नसेल तर डॅक काढून त्याच आरसीए वायरीवर मोबाइलचं गाणं अ‍ॅम्पला द्या. मोबाइल स्वच्छ वाजला तर वायर, अ‍ॅम्प आणि स्पीकर एका फटक्यात सुटले. आठ कड्यांपैकी दोषी कडी शोधायला अशा तीन चाचण्या पुरतात. दोष एकाच बाजूच्या स्पीकरमध्ये असेल तर डॅकमागच्या लाल-पांढऱ्या पिनांची अदलाबदल करा. फाटका आवाज दुसऱ्या स्पीकरमध्ये गेला तर दोष डॅककडे किंवा त्याच्याही मागे आहे. होता तिथेच राहिला तर पुढे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय बदललं ते कागदावर लिहून ठेवायचं. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज सुधारला, तर कशाने सुधारला ते कळत नाही, आणि पंधरा दिवसांनी तो परत फाटला की पहिल्यापासून सुरुवात.

सर्वांत जास्त वेळा सापडणारं कारण प्लेअरच्या आतच असतं. समजा, गाण्यातल्या एका चढत्या-उतरत्या लहरीचे पाच नमुने असे आहेत: १८,०००, २४,०००, ३०,०००, २७,००० आणि २१,०००. इक्वलायझरमध्ये कुणीतरी ‘थोडा दम’ म्हणून सगळ्याच पट्ट्या ३ डेसिबल चढवल्या. ३ डेसिबल म्हणजे सुमारे १.४१ पट. नवे आकडे होतात २५,३८०, ३३,८४०, ४२,३००, ३८,०७० आणि २९,६१०. पण हद्द ३२,७६७ ची. मग मधले तिन्ही आकडे ३२,७६७ वर कापले जातात, आणि जिथे गोल माथा होता तिथे सपाट गच्ची तयार होते. स्पीकरचा पडदा त्या गच्चीवर क्षणभर जागीच थांबतो आणि पुन्हा खाली येतो. कानाला जी चिरफाळ ऐकू येते ती ही. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन आवाज रेकॉर्ड करा आणि लहर मोठी करून बघा, सपाट माथे डोळ्यांना दिसतात. एकदा कापलेला माथा पुढे कितीही महागडा डॅक लावला तरी परत गोल होत नाही.

हे चढवणं किती ठिकाणी लपलेलं असतं बघा. व्हीएलसीची आवाजाची पट्टी १०० वर थांबत नाही, १२५ टक्क्यांपर्यंत जाते. लॅपटॉपबरोबर आलेलं ‘आवाज सुधारक’ सॉफ्टवेअर वेगळंच. विंडोजमध्ये डॅकच्या नावाखाली ‘एन्हान्समेंट’ म्हणून आणखी एक खिडकी असते, त्यात बास बूस्ट किंवा लाउडनेस चालू राहिलेलं असतं. अ‍ॅम्पचा आवाज कमी ठेवून संगणकाचा वाढवायची सवय तर सार्वत्रिक. तेव्हा पहिला उपाय फुकटचा: इक्वलायझर बंद, एन्हान्समेंट बंद, प्लेअर १०० च्या आत, आणि आवाज हवा तेवढा अ‍ॅम्पवरून वाढवायचा. संगणकात दोन-चार डेसिबल कमी केले तर दर्जा जातो ही भीती आजच्या २४ बिटच्या डॅकला लागू नाही.

एवढं करूनही नव्या चित्रपटगीतांवर फाट राहिली तर दोष मास्टरिंगचा असू शकतो. नव्वदच्या दशकापासून गाणी जास्तीत जास्त मोठी ऐकू यावीत म्हणून सगळे माथे हद्दीला चिकटवण्याची चढाओढ लागली. नमुने हद्दीच्या आत असतात, पण दोन नमुन्यांच्या मधली लहर, जी डॅक जुळवून काढतो, ती हद्दीच्या वर जाते. एमपीथ्री उघडताना तर हे हमखास होतं, कारण दाबलेल्या फाइलमधून परत निघालेली लहर मूळ लहरीशी तंतोतंत जुळत नाही. २००१ मध्ये डेव्हिड रॉबिन्सन यांनी मांडलेली ‘रिप्लेगेन’ पद्धत इथे कामाची. ती प्रत्येक गाण्याची जाणवणारी उंची मोजून वाजवताना ते तेवढं खाली आणते. फूबार२००० सारख्या प्लेअरमध्ये ही सोय आहे, ती चालू करा.

आता ४४,१०० आणि ४८,००० चं भांडण. विंडोज सगळ्या कार्यक्रमांचे आवाज एकत्र करून ठरावीक दराने डॅकला देतं. तो दर ४८,००० वर असेल आणि गाणं ४४,१०० चं, तर दर १४७ नमुन्यांचे १६० करावे लागतात. हे रूपांतर नीट झालं तर कानाला कळत नाही, तेव्हा यावरून रात्र जागवू नये. पण रूपांतर न होताच ४४,१०० चं गाणं ४८,००० च्या वेगाने वाजलं तर सूर जवळजवळ दीड स्वर-पट्टीने चढतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा सा पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध जाऊन पडतो, आणि पेटी घेऊन बसलेल्या माणसाला तो कुठल्याच पट्टीत सापडत नाही. असं दिसलं की विंडोजमध्ये डॅकचा डिफॉल्ट फॉरमॅट बघावा, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकावा. २००७ च्या व्हिस्टापासून विंडोजमध्ये ‘वासापी एक्स्क्लुझिव्ह’ नावाचा मार्ग आहे. त्यात प्लेअर विंडोजच्या मिसळणीला वळसा घालून थेट डॅकशी बोलतो. मी तो मुख्यतः तपासाचं हत्यार म्हणून वापरावा असं सांगेन. एक्स्क्लुझिव्हमध्ये आवाज स्वच्छ आणि साध्या मार्गाने फाटका, तर दोष विंडोजच्या मिसळणीत किंवा त्या एन्हान्समेंटमध्ये.

फसफसाटाचं कारण बहुधा डीएसडी या वेगळ्या पद्धतीने साठवलेली फाइल. तिचे बिट साध्या नमुन्यांच्या पेहरावात पाठवण्याची डीओपी नावाची पद्धत आहे, आणि डॅकला ओळख पटावी म्हणून त्यात खुणेचे आकडे असतात. संगणकाचा आवाज १०० वरून ९९ केला तरी गुणाकाराने ती खूण मोडते आणि डॅक ते सगळं गोंगाट म्हणून वाजवतो. आवाज १०० वर, एक्स्क्लुझिव्ह मार्ग, विषय संपला.

‘चट्’ आणि ‘टक्’ यांची गोष्ट जरा लांबवर जाते. पेन ड्राइव्हवर फाइल टाकताना एखादा तुकडा खराब पोचला तर यूएसबी तो पुन्हा मागवते. आवाजाला तेवढी सवलत नसते. आवाजाचे आकडे पुणे-लोणावळा लोकलसारखे ठरल्या वेळी सुटतात. जो प्रवासी फलाटावर नाही तो राहिला, गाडी त्याच्यासाठी थांबत नाही. साध्या, सेकंदाला १२ मेगाबिटच्या यूएसबीवर दर मिलिसेकंदाला एक फ्रेम सुटते. ४४,१०० ला हजाराने भाग जात नाही, म्हणून नऊ फ्रेममध्ये ४४-४४ नमुने आणि दहाव्यात ४५, असा हिशेब चालतो. ४८० मेगाबिटच्या वेगवान यूएसबीवर हेच खेळ १२५ मायक्रोसेकंदांच्या तुकड्यांत होतात. संगणकाचं लक्ष त्या क्षणी दुसरीकडे असलं की फ्रेम रिकामी जाते आणि स्पीकरमधून ‘चट्’.

लक्ष दुसरीकडे नेणारा सर्वांत मोठा गुन्हेगार वाय-फायचा ड्रायव्हर. वाय-फाय पाच मिनिटं बंद ठेवून गाणं ऐका. ‘चट्’ थांबलं तर नवा ड्रायव्हर टाका. त्यानेही भागलं नाही तर लॅटन्सीमॉन हे सॉफ्टवेअर कोणता ड्रायव्हर किती वेळ अडवून बसतो ते नावानिशी सांगतं. प्लेअरमधला बफर वाढवा. गाणं ऐकताना अर्ध्या सेकंदाचा उशीर कुणाला जाणवत नाही. वीज वाचवण्यासाठी विंडोज यूएसबी मधूनच झोपवतं, ती सोय बंद करा. डॅक आणि बाहेरची हार्ड डिस्क एकाच हबवर ठेवू नका. ‘यूएसबी ऑडिओ क्लास २’चे डॅक विंडोज १० ला एप्रिल २०१७ च्या आवृत्तीपासून आपसूक ओळखता येतात. त्याआधीच्या विंडोजवर कंपनीचा ड्रायव्हर टाकावाच लागतो, आणि भलताच ड्रायव्हर बसला असेल तर नुसतं ‘चट्’ नव्हे, सगळंच बेसूर होतं.

वायरीचा प्रश्न याच टप्प्यावर निकालात काढू. यूएसबी वायरीतून आकडे जातात. वायर धड असेल तर महागड्या वायरीने गोडवा वाढत नाही. वायर लांब असेल, सैल असेल किंवा फक्त चार्जिंगची असेल तर मात्र अडतं; जुन्या यूएसबीची मर्यादा ५ मीटर. डॅकचं पोट यूएसबीच्याच ५ व्होल्टवर भरत असेल तर तेही तपासा. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबच्या टोकाला ४.४ व्होल्टपर्यंतची घसरण नियमात बसते. तेवढ्यावर जड हेडफोन हाकायचा म्हटलं तर मोठ्या सुराला डॅकची दमछाक होते, आणि ती फाट अगदी आकडे कापल्यासारखीच वाटते. डॅक थेट संगणकाच्या मागच्या यूएसबीला लावून बघितला की खरं-खोटं कळतं.

आता घुमणं. हा विषय निघाला की पिंपरी-चिंचवडमध्ये कुणीतरी म्हणतंच, ‘एमआयडीसीची लाइन आहे, दुसरं काय होणार!’ यात तथ्य आहे, पण सांगितलं जातं तेवढं नाही. कारखान्यांतल्या मोटरी आता व्हीएफडीवर, म्हणजे मोटरीचा वेग बदलणाऱ्या उपकरणावर, चालतात. व्हीएफडी आपल्या ५० हर्ट्झच्या विजेतून सरळ लहर न ओढता लचके तोडल्यासारखा प्रवाह ओढतो, त्यामुळे लाइनमध्ये २५० आणि ३५० हर्ट्झचे हार्मोनिक मिसळतात. वेल्डिंग आणि इंडक्शन फर्नेस आपापली भर घालतात. पण मोठ्या कारखान्याचं स्वतःचं रोहित्र असतं, उच्चदाबाचा फीडर असतो, आणि डेल्टा-स्टार जोडणीच्या रोहित्रात तिसऱ्या पटीचे हार्मोनिक डेल्टातच फिरत राहतात. मोशीच्या फ्लॅटमधल्या घुमण्याचा आळ चाकणच्या प्रेस शॉपवर घालणं अवघड आहे. भोसरी गावठाण किंवा तळवडे-चिखलीकडे, जिथे लघुउद्योगाचा गाळा आणि घर एकाच डीपीवर, म्हणजे एकाच रोहित्रावर, आहे, तिथली गोष्ट वेगळी. शेजारच्या गाळ्यात वेल्डिंगचा आर्क लागला की स्पीकर कुरकुरतो, हे तिथे खरोखर घडतं. पडताळायला सोपा मार्ग आहे: इथल्या बहुतेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी. गुरुवारी दुपारी घुमणं कमी झालं तर संशयाला आधार मिळाला. अर्थात महावितरणही देखभालीसाठी गुरुवारच निवडतं, तेव्हा चाचणीच्या वेळी घरात वीज असली पाहिजे.

खरा गुन्हेगार बहुधा घरातच बसलेला असतो. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लहरीचा तुकडा कापून पंखा मंद करतो आणि कापल्या जागी किरकिर सोडतो. पंखा पाचवर नेला किंवा बंद केला आणि किरकिर थांबली तर प्रश्न सुटला. स्क्वेअर वेव्हचा जुना इन्व्हर्टर वीज गेल्यावर अ‍ॅम्पला असाच घुमवतो. इमारतीची लिफ्ट व्हीएफडीवर असेल तर लिफ्ट वर-खाली होताना बारीक शिट्टी येते. सोसायटीच्या पाण्याच्या मोटरीचंही तेच.

आणि सर्वांत वरचा नंबर लॅपटॉपच्या चार्जरचा. दोन पिनांच्या चार्जरवरचा धातूचा लॅपटॉप हाताला मुंग्या आणतो, ते चार्जरमधल्या छोट्या कपॅसिटरमधून झिरपणाऱ्या विजेमुळे. मल्टिमीटर लावला तर लॅपटॉपचं अंग आणि अर्थ यांच्यात शंभरच्या आसपास व्होल्ट दिसू शकतात. त्या विजेत ताकद नसते, पण ती यूएसबीच्या वायरीतून डॅकमध्ये, डॅकमधून आरसीएच्या जाळीवरून अ‍ॅम्पमध्ये आणि अ‍ॅम्पच्या तिसऱ्या पिनेतून अर्थिंगला जाते. वाटेत ती गाण्याच्याच तारेवरून चालते, म्हणून ५० आणि १०० हर्ट्झचं घुमणं. चाचणी दोन सेकंदांची: चार्जर काढा, लॅपटॉप बॅटरीवर चालवा. घुमणं गेलं ना? मग डॅक निर्दोष.

उपाय क्रमाने करावेत. तीन पिनांचा चार्जर आणि खरोखरचं अर्थिंग. लॅपटॉप, डॅक आणि अ‍ॅम्प एकाच बोर्डावर. अर्थ आणि न्यूट्रल यांच्यात दोन-तीन व्होल्टच्या वर दिसले तर आधी वायरमन बोलवा, गाणं नंतर. तरीही घुमलं तर आरसीएच्या वाटेत छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावता येतो. यूएसबी आयसोलेटरही मिळतात, पण स्वस्त आयसोलेटर १२ मेगाबिटच्या चिपवर असतात आणि उच्च दराची गाणी त्यातून जात नाहीत. संगणक आणि डॅक दोघांनाही ऑप्टिकल जोड असेल तर प्रश्नच मिटतो, कारण त्या वायरीतून उजेड जातो, वीज जात नाही. एक उपाय मात्र कुणीही सांगितला तरी करायचा नाही: अ‍ॅम्पची तिसरी पिन तोडणे. घुमणं थांबतं, आणि अ‍ॅम्पमध्ये दोष झाला तर त्याच्या धातूच्या अंगावर २३० व्होल्ट येतात.

गाड्यांच्या या मुलखात हाच दोष चाकांवर फिरताना भेटतो. बाहेरून बसवलेल्या अ‍ॅम्पचं अर्थिंग एका जागी आणि म्युझिक सिस्टिमचं दुसऱ्या जागी घेतलं तर स्पीकरमध्ये शिट्टी येते आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढतो. ती अल्टरनेटरची. जेबीएलसारखे ब्रँड ज्यांचे आहेत त्या हार्मनचा गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना २०१४ पासून चाकणमध्येच आहे. मूळ गाडीतला गोंगाट मात्र नियमाने तपासला जातो. वाहनातल्या विद्युत-चुंबकीय गोंगाटासाठी एआयएस-००४ या मानकाचा तिसरा भाग लागू आहे, आणि कोथरूडच्या टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत त्याच्या चाचण्या होतात. घरच्या टेबलावर तो नियम लावणारं कुणी नाही, ते काम आपल्यालाच करावं लागतं.

शेवटी अ‍ॅम्प आणि स्पीकर. डॅकच्या लाइन आउटमधून साधारण २ व्होल्ट निघतात. कॅसेटच्या काळातल्या अ‍ॅम्पचा पहिला टप्पा अर्ध्या-पाव व्होल्टासाठी बांधलेला असतो, आणि माइकच्या भोकात घातलं तर काही मिलिव्होल्टांसाठी. मग अ‍ॅम्पचा आवाज एकवर असला तरी गाणं फाटतं, कारण आवाजाचं बटण पुढे आहे आणि फाटण्याची जागा त्याच्या आधी. इथे वर सांगितलेल्या नियमाच्या उलट करायचं: संगणकाचा आवाज कमी, अ‍ॅम्पचा जास्त. स्पीकरची तपासणी बोटांनी होते. पडद्याच्या कडेला दोन्ही हातांची बोटं टेकवून तो सरळ आत दाबा. खरखर जाणवली तर कॉइल घासते आहे. कडेचा फोम चुरला असेल तर तो नुसत्या डोळ्यांना दिसतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात दहा-पंधरा वर्षांचा फोम टिकला तर आश्चर्य.

हे सगळं होऊन दोष डॅकवरच येऊन थांबला, तर डॅक दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या अ‍ॅम्पवर, दुसऱ्याच्या घरी लावून बघा. तिथेही तोच आवाज, तरच डॅक खराब. बहुधा त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने सुकलेले असतात किंवा एखादा टाका सुटलेला असतो. थंड असताना नीट आणि अर्ध्या तासाने फाटका, ही त्याची ओळख. बदली घेताना नावावर जाऊ नका. २० ऑक्टोबर २०२० ला जपानमधल्या एकेएम या डॅकच्या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या नोबेओका इथल्या कारखान्याला आग लागली आणि अनेक कंपन्यांना आपले डॅक दुसऱ्या चिपवर नव्याने बांधावे लागले. त्यामुळे त्याच नावाच्या नव्या डब्यात आतला माल वेगळा असू शकतो.

दुरुस्तीला पुण्याच्या बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत नेलात तर नुसता डॅक पुढे करू नका. कुठल्या फाइलवर, आवाज किती असताना, किती मिनिटांनी, कोणत्या बाजूला, बॅटरीवर की चार्जरवर, आणि काय काय बदलून पाहिलं, तो कागद डॅकबरोबर द्या. कारागीर आधी तो वाचतो आणि मग स्क्रू खोलतो.